पळपुट्यांचं मखर

२० जुलै, रविवार

आज घरात दुर्घटना घडली. तिच्यात माझी काही चूक नाही हे आधी लिहून ठेवतो, कारण माझी बायको गंगा उद्यापासून सगळ्यांना वेगळं सांगत सुटेल.

माळ्यावरचं एक कौल सरकलेलं मी शुक्रवारीच पाहिलं होतं आणि रविवारी बसवायचं ठरवलं होतं. पावसानं शनिवार निवडला, त्याला मी काय करणार? बरोबर त्या कौलाखाली गणपतीचं मखर होतं. आज खाली उतरवायला गेलो तर डावा खांब माझ्या हातात आला आणि उजवा जमिनीवर बसला.

हे मखर माझ्या आजोबांनी, जानू खलाशांनी केलेलं. बाजारचा पुठ्ठा नाही. कागदावर कागद, कागदावर कागद, असे खळीनं चिकटवत नेलेले. त्यावर त्यांची मुलगी, माझी धोंडूआत्या, दरवर्षी नवा रंगीत कागद लावते. इतक्या वर्षांत मखर जाडीनं वाढत गेलं आणि गणपती लहान आणावा लागला. बाजारात तयार मखरं मिळतात हे मी दरवर्षी सुचवतो. आत्या दरवर्षी म्हणते, "बाबांचा मखर हाय तवर दुसरा या घरात येणार नाय."

आज ती त्या लगद्याजवळ येऊन बसली आणि एकेक तुकडा पदरानं पुसत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२१ जुलै, सोमवार

मखराचे तुकडे पडवीत पसरून ठेवले होते. दुपारी पाहतो तर एका खांबाचे रंगीत थर सुटून खालचा पिवळट कागद उघडा पडलेला, आणि त्यावर मराठी अक्षरं. हातानं लिहून छापल्यासारखी. सगळं वाचता येत नाही, पण मधल्या ओळी स्वच्छ आहेत: "...परदेशी असूनही ज्या खलाशांनी शस्त्रांचे जहाज चालवण्यास नकार दिला आणि आमच्या स्वातंत्र्याला साथ दिली, त्यांचे आम्ही जन्मोजन्मी ऋणी..."

मी एसटीच्या रत्नागिरी स्टँडवर आयुष्यभर वाहतूक नियंत्रक होतो. अर्धवट ऐकू आलेल्या निरोपावरून गाडी कुठं अडकली असेल ते ओळखणं हे माझं कामच होतं. त्यामुळे मला लगेच उलगडा झाला. परदेशातल्या कुणा सज्जन खलाशांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांचं जहाज अडवलं. त्यांच्या आभाराची ही गुप्त पत्रकं. आणि ती जिवावर उदार होऊन समुद्रमार्गे आणणारा माणूस म्हणजे आमचा आजा.

गंगा म्हणाली, "जिवावर उदार झाले आणि मग मखरात चिकटवलीत?"

लपवायला देवामागच्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती, असं मी तिला विचारलं. तिनं भाकरी उलटली.

२२ जुलै, मंगळवार

झोप नीट लागली नाही. माझ्यासाठी हे प्रकरण केवढं आहे ते इथे तरी मोकळेपणानं लिहायला हवं.

आमच्या वाडीत प्रत्येक घराला नाव आहे. चिंचवाले, घंटेवाले, हर्षदचं घर म्हणजे पाटीवाले. आमचं घर म्हणजे पळपुटे. आजोबा मोठ्या परदेशी जहाजावर खलाशी होते. सफर अर्धी सोडून ते जहाजावरून उतरले आणि बऱ्याच महिन्यांनी रिकाम्या हातानं घरी आले. त्यानंतर कुठल्याच जहाजानं त्यांना घेतलं नाही. मिरकरवाड्याला दुसऱ्यांची जाळी विणत जन्म गेला. लोकांनी ठरवलं, जानू घाबरून पळाला. नाव पडलं ते पडलं. स्टँडवरसुद्धा माझ्या मागे मी "पळपुट्यांचा अनिल" होतो. गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.

माझं एक वेळ असू दे. आत्या लग्न होऊन गुहागरला गेली तर नाव तिच्या आधी तिथे पोचलेलं. पुढे ती माहेरी परत आली ती कायमचीच. गणपतीत वाडीची मंडळी घरोघर आरत्या करत फिरतात. एका घरची आरती संपली की पुढच्या घराचं नाव मोठ्यानं पुकारतात. "चला, पळपुट्यांकडे" अशी हाक आली की आत्या स्वयंपाकघरात जाते. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, बघायच्या आहेत म्हणते. आरती संपेपर्यंत नेवऱ्याच बघत असते. माझ्या आठवणीत तिनं आपल्या घरची मंडळींची आरती समोर उभं राहून पाहिलेली नाही.

यंदा वाडीचं मंडळ स्वातंत्र्यसैनिकांचा नवा ग्रॅनाइटचा फलक बसवतंय. पंधरा ऑगस्टला. नावं घेणं अजून चालू आहे.

२४ जुलै, गुरुवार

मंडळाचा अध्यक्ष हर्षद. जुन्या पाटीवर पहिलं नाव त्याच्या आजोबांचं, म्हणून ते पाटीवाले. त्याला ओळी वाचून दाखवल्या. त्यानं कागदाचा वास घेतला.

"खळीचा वास येतोय रे अनिलदादा."

"इतिहासाला वास असतोच," मी म्हणालो. हे वाक्य भाषणात घ्यायचं आहे.

नाव घ्यायचं त्यानं मान्य केलं. मी घरी येऊन आत्याला सांगितलं, "आत्ये, तुझ्या बाबांचं नाव दगडात कोरणार." ती निवडत होती ते तांदूळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "पळाले नव्हते असा लिवणार काय?"

म्हटलं, लिहायचीच गरज नाही, फलकावर आलं म्हणजे तेच.

"मग बरा," ती म्हणाली. पण सूप हातात तसंच राहिलं होतं.

२७ जुलै, रविवार

दिशा आली. माझी मुलगी लोट्याला कंपनीत केमिस्ट आहे, सुट्टीला येते आणि माझ्या चुका काढून जाते. तिनं कागदाचे फोटो काढून संस्कृती नावाच्या मैत्रिणीला पाठवले. ही मूळची गुहागरची, मुंबईत जुने कागद दुरुस्त करते. तिचा लगेच फोन आला. असं पत्रक तिनं आजवर फक्त ऐकलं होतं म्हणे, पाहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी येते, तोवर कशालाही हात लावू नका, असं तिनं मला खास बजावून सांगितलं.

तिचा निरोप येण्याआधी मी एका कागदाला इस्त्री केली होती. "ऋणी" हा शब्द आता इस्त्रीला आहे.

३० जुलै, बुधवार

बॅनर करायला टाकला. अडचण एकच होती, आजोबांचा फोटो नाही. घरात काय, कुणाकडेच नाही. आत्याला सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांचा चेहरा आठवतो तेवढाच, आणि हल्ली तोही धूसर होत चाललाय असं ती एकदा म्हणाली होती. बॅनरवाल्या निलेशनं तोड काढली. माझा फोटो घेतला, गांधीटोपी घातली, मिश्या पांढऱ्या केल्या आणि मागे तिरंगा सोडला. फार भारदस्त दिसतो.

आत्याला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो तू हायस." मी म्हटलं, रक्त एकच. ती म्हणाली, "बाबांनी कंदी टोपी घातली नाय. डोकीला पंचा असायचा." पंचा निलेशकडे नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

संस्कृती आली. मला वाटलं होतं भिंग लावून जरा पाहील आणि सही-शिक्का देईल. तिनं पडवी ताब्यात घेतली. चहाच्या किटलीची वाफ, एक बोथट सुरी, आणि तासाला बोटभर कागद. या वेगानं आमच्या काळात देवरूखची गाडीसुद्धा गेली नसती. सुटलेले कागद तिनं दोरीवर वाळत घातले. शेजारच्या दोरीवर गंगाचे बांगडे होते. इतिहासाला आता दुसराही वास आहे.

सगळी पत्रकं एकसारखीच आहेत. चार पानी. बाहेरची पानं इंग्रजी, आत एक मराठी. मी म्हटलं, दुर्मिळ वस्तू इतक्या असल्या तर चालतात का? ती हसली. जगात दुसरीकडे एकही सापडलेलं नाही, म्हणाली, आणि इथे होती त्यांचं तुम्ही मखर केलंत.

३ ऑगस्ट, रविवार

हे लिहायला जड जातंय.

संस्कृतीनं अख्खं पान सोडवलं आणि दुपारी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पत्रक हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचं नाहीच. जावाच्या लोकांनी काढलेलं आहे, म्हणजे आताचं इंडोनेशिया. महायुद्ध संपल्यावर डच लोक त्यांचा देश पुन्हा ताब्यात घ्यायला बंदुका पाठवत होते. त्या बंदुका भरलेलं जहाज ऑस्ट्रेलियाच्या बंदरात उभं होतं आणि त्यावरच्या खलाशांनी ते चालवायला नकार दिला. पगार सोडला, जहाज सोडलं, उतरून गेले.

"खलाशी कुठले होते?" दिशानं विचारलं.

"इथलेच की," संस्कृती म्हणाली. "हिंदुस्थानातले, त्यात रत्नागिरीकडचे बरेच. काका, परदेशी म्हणजे तुमचे आजोबा."

मी तिला म्हटलं, माझे आजोबा परदेशी कसे असतील, त्यांचं नाव इथल्या रेशनकार्डावर होतं. दिशा ताटावरून उठून बाहेर जाऊन हसली. मला ऐकू आलं.

म्हणजे मी सांगत होतो ते सगळं उलटं. मदत आपल्याला कुणी केली नाही, आपण दुसऱ्याला केली. फलकाचं काय करायचं?

आत्यानं मात्र ताक वाढून घेतलं, आणि एरवी ती रात्रीशिवाय ताक घेत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मंडळाची तातडीची सभा झाली. मी प्रामाणिकपणे खरं ते सांगितलं, आणि प्रामाणिकपणाचं फळ लगेच मिळालं.

"जावा तर मोटरसायकल ना?" घंटेवाल्यांच्या बाबूनं सुरुवात केली.

"देश आहे," मी म्हणालो.

"आपला फलक आपल्या स्वातंत्र्याचा," हर्षद म्हणाला. "तुझ्या आजोबांनी दुसऱ्यांचा देश सोडवला असेल, चांगलीच गोष्ट झाली. पण मग नाव त्यांच्याकडे लावायला हवं. ते लोक आपल्या माणसांची नावं लावतायत काय?"

मी म्हटलं, तुझे आजोबा बाजारातून येताना मोर्च्यात अडकले आणि लाठी खाल्ली, त्यांचं चालतं? तो म्हणाला, लाठी इंग्रजांची होती, देशातच खाल्ली. नियमाला धरून बोलला, हे मला मान्य करावं लागलं. स्टँडवर मीही असंच बोलायचो.

जाताना बाबू म्हणाला, "म्हणजे जहाज सोडून आले ते खरंच ना?" आणि मंडळी हसली. मी हसलो नाही.

घरी येऊन आत्याला कसं सांगायचं याची रस्ताभर तयारी केली. दारातच तिनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "पाय धू नि जेवाक बस."

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

समुद्राला नारळ देऊन आलो. परतताना आत्या पुलाच्या कठड्याशी टेकली आणि आपणहून बोलू लागली.

"बाबा आल्यावर सांगायचे. आम्ही एक देश सोडवला म्हणायचे. लोक विचारायचे, कुठला? जावा. तो कुठं हाय? बाबांना दाखवता येईना. बोट समुद्राकडं करायचे. लोक हसायचे. मग एक दिवस सांगायचे थांबले. त्याच वर्षी गाठोड्यातनं आणलेल्या कागदांचा मखर केलानी. आय म्हणाली, इतके कागद कशाक फुकट घालवता? तर म्हणाले, कागद चांगला हाय, देवाच्या मागं असू दे."

मी म्हटलं, आजोबा काटकसरी होते, टाकाऊ कागदाचा उपयोग केला. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागली. वयानं तिला हल्ली बोलता बोलता राग येतो.

१० ऑगस्ट, रविवार

संस्कृती पुन्हा आली. आज मागच्या पाठीचा, अगदी पहिला थर सुटला. हा थर आजोबांनी सगळ्यात आधी लावलेला. बाकीची पत्रकं उलटी सुलटी कशीही आहेत, पण या थरातलं मधलं पत्रक नीट, सरळ, गणपतीच्या पाठीकडे तोंड करून लावलेलं. का कोण जाणे.

त्यावर, इंग्रजी बाजूला, फोटो आहे. इतर प्रतींवर तो खळीनं पार पुसलाय, इथे मात्र खळ कडेकडेनं लावलेली. जहाजाची शिडी, आणि तिच्यावरून गाठोडी घेऊन उतरणारी माणसं. काही कॅमेऱ्याकडे बघतायत. सगळ्यात पुढचा बघत नाही. तो खाली, आपलं पाऊल कुठं पडतंय ते बघतोय. डोक्याला पंचा.

मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात आत्या पुढे झाली. तिला चष्मा लागला नाही.

"बाबा," ती म्हणाली.

संस्कृतीनं विचारलं, "आजी, खात्री आहे?"

"पायरी उतरताना असाच खाली बघायचे. जिना असो की होडी. पडन म्हणून नाय गो. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून."

मग तिनं बोट त्या पायावर ठेवलं. संस्कृती जुन्या कागदाला कुणाला हात लावू देत नाही, पण या वेळी तिनं अडवलं नाही. "पळत नायत," आत्या म्हणाली. "चालतायत. बघ."

मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही गंगा वाचत नाही. तसं तिला दिसलंच, आणि तिनं नुसतं पाण्याचं तांब्याभांडं आणून ठेवलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

फलकाचं उद्घाटन झालं. हर्षदच्या आजोबांचं नाव पहिलं. आमचं नाही. मी झेंड्याला सलाम करून आलो, फराळाला थांबलो नाही. आत्या आली नव्हती. तिला वाईट वाटलं असणार म्हणून मी हळू आवाजात बोलत होतो, तर ती पडवीत बांबू तासत बसलेली. नवं मखर करायचंय म्हणे. सत्त्याऐंशीव्या वर्षी कोयती चालवू नको म्हटलं तर कोयतीच माझ्या हातात दिली.

आता संध्याकाळी हर्षदला एक अर्ज लिहिला. वाडीत आमच्या घराला यापुढे "जानू खलाशांचं घर" असं म्हणण्यात यावं. उद्या नीट उतरवून काढतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

संस्कृती पत्रकं घेऊन गेली. मुंबईत ती नीट जतन होतील, अभ्यासकांना बघायला मिळतील. आत्यानं सगळी दिली, एक सोडून. फोटोचं. संस्कृती म्हणाली, आजी, हुबेहूब प्रत काढून देते, मूळ कागद दमट हवेत टिकणार नाही. आत्या म्हणाली, "आजवर कुठं होता तो? काश्मिरात?"

संस्कृतीनं शेवटी त्याला काचेत बसवून दिला.

मखराच्या पाठीला काय लावायचं हा प्रश्न होता. तो दिशानं सोडवला. माझा बॅनर मागून पांढराशुभ्र आहे आणि मापाला बरोबर बसतो. आता मी गांधीटोपी घालून देवाच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून आहे. दर्शनी बाजूला काचेतले आजोबा. मी विरोध नोंदवला. गंगा म्हणाली, निदान पावसात भिजणार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

गणपती आले. मखर हलकं झाल्यामुळे यंदा मूर्ती जरा मोठी आणता आली, हा एक फायदा.

संध्याकाळी वाडीची मंडळी आरत्या करत निघाली. चिंचवाल्यांकडची टाळ-झांज ऐकू येत होती. मी अर्ज खिशात ठेवून दारात उभा राहिलो. हर्षद ओटीवर चढला की पुकारा होण्याआधीच त्याच्या हातात द्यायचा, असं ठरवलं होतं. पण तिकडची आरती लवकर आटपली आणि बाबूनं मध्येच रस्त्यातून हाक दिली, "चला, पळपुट्यांकडे."

मी सवयीनं मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत्या तिथे नव्हती. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि ओटीच्या पायरीवर उभी राहिली. नवं लुगडं, केसात फूल.

"या रे," ती म्हणाली. "पळपुट्यांचाच घर ह्यो. या."

मंडळी जरा थबकली. या हाकेला या घरातून आजवर कुणी ओ दिली नव्हती. आत्यानं हर्षदचा हात धरला आणि त्याला थेट मखरापुढे नेलं. काच दाखवली.

"ह्यो माझा बापूस. जहाज सोडून उतरतोय. त्यात बंदुका होत्या. ज्यांच्यावर चालणार होत्या त्यांनी ह्यो कागद छापला, बापसाची आठवण म्हणून. सगळ्यांना बघू दे, मागच्यांना पुढं घे."

हर्षदनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चपला बाहेर आहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखा स्वतःच्या पायांकडे बघत मागे सरकला आणि म्हणाला, "बाबू, ये, बघ." एकेक जण बघून गेला. मग आरत्या झाल्या. आत्या समोर उभी होती. तिला सगळ्या आरत्या पाठ आहेत. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून झाल्या असणार.

जाताना पुढच्या घराचं नाव पुकारायचं तर बाबू विसरलाच. हर्षदनं आठवण करून दिली.

मंडळी गेल्यावर मी आत्याला अर्ज वाचून दाखवला. बाकी काही नाही तरी घराचं नाव बदलून घेतोच, म्हटलं.

"फाड तो," ती म्हणाली. "आणि रंग आण उद्या. पांढरा. दारावर मोठ्या अक्षरात घराचा नाव काढायचा हाय."

"कुठलं नाव?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. आत जाता जाता एवढंच म्हणाली की अक्षरं मी काढायची नाहीत, दिशानं काढायची, कारण माझी उतरत जातात.